दाजींच्या हातातलं नरसाळं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आईला तर नाहीच. रामनगरच्या स्टँडवर रोज सकाळी माझ्याबरोबर चहा घेणारी चार माणसं आहेत, त्यांना माझ्या घरातलं सगळं ठाऊक आहे — हे एक सोडून. तुम्ही इकडचे नाही, दाजींना ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढं तोंड उघडतोय. तरीसुद्धा बघा, सरळ सांगायला जमत नाही. कुठून धरू?

माझं नाव चांगलं आहे, तिथून धरतो. आमच्या भागात माझ्याबद्दल एक गोष्ट सांगतात. कुणी आपल्या माणसाची चूक झाकली, नातेवाईक म्हणून पाठीशी घातलं, की लोक म्हणतात — त्या स्पेअर पार्टवाल्याकडं बघ. थोरल्या बहिणीचा नवरा, पण चोरी करताना सापडला तेव्हा त्यालाही सोडला नाही. कडक माणूस, पण सरळ. ही गोष्ट माझ्यासमोर निघाली की मी मान खाली घालतो. लोकांना वाटतं, मी लाजलो.

ती गोष्ट खोटी आहे. कुठं कुठं खोटी, तेवढंच सांगायचं आहे.

रामनगरला माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. आमचं मूळ खानापूरकडचं, वडील इकडं येऊन राहिले. तरुणपणी मी बेळगावात एका गॅरेजमध्ये सहा वर्षं काढली. इंजिन तिथं शिकलो. आणि संशय घ्यायलाही तिथंच शिकलो, असं मी स्वतःला सांगत आलोय. जुना पार्ट धुऊन-पुसून नवा म्हणून बसवणारे, चांगला पार्ट काढून घेऊन बिघडला म्हणून सांगणारे मी तिथं बघितले. पण त्याच गॅरेजात सरळ माणसंही होती की. त्यांच्याकडून मी काय उचललं? काही नाही.

पंपावर डिझेल भरताना मी गाडीतून खाली उतरतो. काटा शून्यावर आला का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. कुरिअरचं खोकं उघडताना फोनवर शूटिंग करून ठेवतो. बायको फोनवर आवाज बारीक करून बोलली तर माझा हात चालता चालता थांबतो. असा मी. लोक याला व्यवहारी म्हणतात.

दुकानाच्या जोडीला माझी एक गाडी होती. आहे अजून. सात सीटची, डिझेलची, जुनी. गणेशगुडीला नदीत राफ्टिंग करायला लांबलांबून पाहुणे येतात. त्यांना लोंढ्याहून नाहीतर कॅसलरॉक स्टेशनवरून उचलायचं, लॉजवर सोडायचं, फिरवायचं, परत आणायचं. आधी मीच चालवायचो. दुकानाचं काम वाढलं तसा ड्रायव्हर लागायला लागला. बाहेरच्या माणसाच्या हातात किल्ली द्यायला मन घेईना. म्हणून दाजींना बोलावून घेतलं.

दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिला दिग्गीला दिली — जोयड्याच्याही पलीकडं, जंगलात खूप आत. तिथं त्यांची थोडी भातशेती, आणि चुलतभावाबरोबर भागीत घेतलेला, नांगरणीचा डिझेलवर चालणारा एक पॉवर टिलर. पूर्वी ते लाकडाच्या ट्रकवर होते. हात एवढा हलका की मागं बसलेल्याला गिअर कधी बदलला ते कळायचं नाही. बोलणं कमी. मी त्यांना अहो-जाहो करायचो, ते मला तू म्हणायचे. मला सायकल त्यांनीच शिकवली. हे नसतं सांगितलं तरी चाललं असतं. पण सांगतो.

आमची पद्धत ठरलेली होती. सोमवारी सकाळी माझ्यासमोर टाकी फुल्ल करायची. आठवडाभर फेऱ्या. रविवारी दुपारी दाजी गाडी घेऊन दिग्गीला घरी जायचे, सोमवारी सकाळी परत यायचे, आणि पुन्हा टाकी फुल्ल. सोमवार ते सोमवार काटा साधारण निम्म्यावर यायचा. दोन वर्षं निम्म्यावरच. मी दर सोमवारी बघायचो, हे दाजींना कळत होतं. ते किल्ली फिरवून काटा मला दिसेल असे जरा बाजूला सरकून बसायचे.

आता त्या पायपाकडं येतो.

बेळगावचा एक पाहुणा स्वतःची गाडी घेऊन आला होता. बॉनेट उघडलं तर आत एअर फिल्टरचा कंपनीचा काळा डबा नाही. त्याच्या जागी चकचकीत पाईप आणि पाईपाच्या टोकाला लाल रंगाचा, गाजरासारखा निमुळता फिल्टर. गाडी रेस केली की आतून घोगरा, भारी आवाज. तो म्हणाला, इंजिनला मोकळी हवा मिळते, पिकअप वाढतो, अॅव्हरेजही वाढतं. झालं. पुढं आठ दिवस मी फोनवर तसलेच व्हिडिओ बघत होतो. मग मागवला. मनात बेत असा, की आपल्या गाडीला बसवून दाखवायचा आणि मग स्टँडवरच्या बाकीच्या गाड्यांना दुकानातून विकायचा. तिघा ड्रायव्हरांना तर मी खोकं यायच्या आधीच सांगून ठेवलं होतं.

गाडीला दोन दिवस काम नव्हतं, दाजी बसनं दिग्गीला गेले होते. अंगणात फणसाखाली गाडी लावली आणि कामाला लागलो. जुना डबा काढला. नवा पाईप धरून बघितला — इंजिनच्या तोंडापर्यंत पोचेना. चार बोटं कमी. जोडाचा म्हणून जो रबरी तुकडा खोक्यात होता, तो भलत्याच मापाचा. पहिला संशय अर्थातच विकणाऱ्यावर. परत पाठवावा तर पंधरा दिवस गेले, आणि त्या तिघांपुढं माझी काय पत राहिली?

दुकानात पाण्याच्या पंपाचा रबरी पाईप होता. मऊ. आत तार नाही, वीण नाही, बोटानं दाबला तर दबणारा. इंजिन जिथून हवा ओढतं तिथं असला पाईप लावत नाहीत. हे मला ठाऊक होतं बरं का. माहिती नव्हती, असं म्हणायला मला जागा नाही. बेळगावात माझ्या उस्तादांनी असाच एक तुकडा माझ्या हातातून घेऊन रस्त्यापलीकडं भिरकावला होता. तरी मी तो कापला, बसवला, दोन्ही बाजूंनी क्लिपा आवळल्या. चार दिवसांपुरता, म्हटलं. आणि वरून काळी टेप गुंडाळली, जोड दिसू नये म्हणून. कुणाला दिसू नये? अंगणात तर मी एकटाच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हं यायच्या आत, लोंढ्याकडच्या सपाट रस्त्यावर रिकामी गाडी काढली. एक्सिलेटर दाबला आणि आवाज आला. असा आवाज, की माझ्या अंगावर काटा उभा राहिला. गाडी खरंच जास्त पळाली, की नुसती ओरडली? आज विचाराल तर मला सांगता यायचं नाही. त्या दिवशी मात्र चहाच्या टपरीवर मी छातीठोक सांगितलं — पिकअप दुप्पट.

तीन आठवड्यांनी दाजी दुकानात आले. गाडी ठीक नाही म्हणाले. सपाटीला चालते, पण माणसं आणि सामान भरून चढ लागला की दम तुटतो, मागं काळा धूर पडतो. जुना डबा परत बसवून बघ म्हणाले. मी म्हणालो, नवीन गोष्टीची सवय व्हायला वेळ लागतो. त्यावर ते म्हणाले, "मी सांगून तुला पटायचं न्हाई. एकदा भरल्या गाडीत माझ्यासंगं चल की."

मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकटाच गाडी घेऊन गेलो — थंड इंजिन, रिकामी गाडी, सपाट रस्ता. काही नाही. बॉनेट उघडून बघितलं, इंजिन संथ चाललेलं, टेप गुंडाळलेला जोड जागच्या जागी. आता तुम्हाला सांगतो, असला दोष बघायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून एक्सिलेटर दाबायचा, दुसऱ्यानं बॉनेटपाशी उभं राहून बघायचं. हे मला कळत नव्हतं का? पण तो जोड कुणाच्या नजरेला पडावा, असं मला नको होतं.

आणि मग काटा. सोमवारी निम्म्यावर येणारा काटा निम्म्याच्या खाली यायला लागला. पुढच्या सोमवारी अजून थोडा खाली.

आधी पंपावर संशय घेतला. पंप बदलला. काटा खालीच. मग माझं डोकं चालायला लागलं, आणि माझं डोकं एकदा चालायला लागलं की थांबत नाही. गाडी रविवारी कुठं जाते? दिग्गीला. दिग्गीत पंप आहे? नाही. डिझेल आणायचं तर जोयड्यापर्यंत यावं लागतं. दिग्गीत टिलर आहे? आहे — दाजींचाच आहे. पेरणी तोंडावर आहे? आहे. आणि नेमकं आत्ताच दाजींना गाडी का बिघडलेली वाटते? पाईप काढ, पाईप काढ म्हणून का मागं लागलेत? उद्या डिझेल कमी भरलं तर पायपावर ढकलायला बरं! किती सुरेख बसलं सगळं. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं, हेही सांगून टाकतो. भावोजी चोर निघाल्याचं दुःख नव्हतं. आपण ओळखलं, याचा आनंद होता.

एका गुरुवारी दुपारी दुकान बायकोवर सोपवलं आणि मोटारसायकलवरून गणेशगुडीला गेलो. पाहुणे नदीत होते. हेल्मेट घालून आरडाओरडा चाललेला. गाड्या वर झाडांखाली उभ्या. मी एका बंद टपरीच्या आडोशाला थांबलो. अर्धा तास काहीच झालं नाही. मग दाजी उठले, गाडीचं मागचं दार उघडलं. पोत्याखालून एक पांढरा कॅन काढला. आणि एक पिवळं नरसाळं. दोन्ही बाजूंना बघितलं — अगदी चोर बघतो तसं — आणि टाकीपाशी वाकले.

माझ्यापासून ते वीस पावलांवर होते. फार तर पंचवीस. मी पुढं गेलो असतो तर? दाजी, काय करताय, एवढं विचारलं असतं तर? मी मोटारसायकल चालू न करता, ढकलत रस्त्यापर्यंत आणली आणि घरी आलो. मला जे बघायचं होतं ते मी बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर, सगळे ड्रायव्हर होते, बसची वाट बघणारी माणसं होती, तिथं मी त्यांना धरलं. घरी बोलावून विचारता आलं असतं. मी स्टँड निवडला. काय काय बोललो ते सगळं सांगत नाही. दिग्गीच्या टिलरचं बोललो. बहिणीचं कुंकू म्हणून इतके दिवस गप्प बसलो, असंही बोललो — जे खरं नव्हतं, मी फक्त बारा-तेरा दिवस गप्प होतो. आणि शेवटी म्हणालो, काल दुपारी मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

काल दुपारी म्हटल्यावर दाजींनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मग त्यांनी खिशातून किल्ली काढून बॉनेटवर ठेवली.

"तू बघितलंस," ते म्हणाले. "मग मी आता काय सांगू?"

आणि जाऊन बसच्या रांगेत उभे राहिले. बस यायला वीस मिनिटं होती. तेवढा वेळ सगळा स्टँड त्यांच्याकडं बघत होता. मीही.

दोन दिवसांनी आक्का आली. नेहमीसारखी पिशवी घेऊन — दिग्गीचे कंद, आईला आवडतात म्हणून. पिशवी ओट्यावर ठेवली आणि उभी राहिली, बसली नाही. मला म्हणाली, "काय बोललास तू त्यास्नी? आमचा टिलर महिना झाला डिझेलावाचून उभा हाय. शेजाऱ्याची बैलं मागून आणली मी. आन तू म्हंतोस, आमी डिझेल न्हेलं?"

माझ्या मनात काय आलं, सांगू? शिकवून पाठवलीय, असं आलं. मी तिला म्हणालो, मी डोळ्यांनी बघितलं. आईकडं वळून ती म्हणाली, तुला खरं वाटतं काय? आई माझ्या बाजूला उभी होती. आक्का पाणी न पिता गेली. पिशवी तिथंच राहिली. दुसऱ्या दिवशी आईनं ते कंद उकडले, आणि मी खाल्ले.

त्यानंतर गाडी मी चालवायला लागलो, रविवारी दिग्गीच्या जागी पाहुण्यांची फेरी. आणि बघा कसं झालं — चोर गेला, तर काटा वर यायला हवा ना? तो आणखी खाली गेला. सोमवारी फुल्ल केलेली टाकी, शनिवारी लाल दिवा.

मला वाटलं, घरासमोरून कुणीतरी नळी घालून काढतंय. टाकीला कुलपाचं झाकण बसवलं. किल्ली माझ्या करदोट्याला. तरी शनिवारी लाल दिवा. शेजाऱ्यांच्या घरावर नजर ठेवली. एकदा तर बायकोला विचारलं, तुझा भाऊ इकडं आला होता काय म्हणून. ती दोन दिवस बोलली नाही.

मग तो दिवस आला. हुबळीचं एक कुटुंब होतं, सहा माणसं, वर टपावर बॅगा. गणेशगुडी सोडून चढाला लागलो, आणि निम्म्या चढावर गाडीनं मान टाकली. दुसरा गिअर, पहिला गिअर, एक्सिलेटर पार तळाला, आणि गाडी नुसती धापा टाकतेय. आरशात बघितलं तर मागचा रस्ता काळा. बाजूला घेतली. सगळे उतरले. मी बॉनेट उघडलं. त्या कुटुंबातला कर्ता माणूस म्हणाला, मी आत बसून रेस करू का? नको म्हणायला काही कारण सुचेना.

उन्हानं आणि इंजिनच्या धगीनं टेपचा गोंद वितळून ती लोंबत होती. त्यानं एक्सिलेटर दाबला आणि माझ्या डोळ्यांदेखत तो रबरी पाईप आत ओढला गेला. दात पडलेल्या म्हाताऱ्यानं विडी ओढली की गाल कसे आत जातात, तसा. पार चपटा. हवेला वाट नाही, डिझेल मात्र पडतंय, आणि मागून काळा धूर. त्यानं पाय काढला, पाईप पुन्हा गोल. मी त्याला आणखी दोनदा दाबायला लावलं. दोन्ही वेळा तसंच.

काय होतं, त्यानं विचारलं. कचरा अडकला होता, निघाला, मी म्हणालो. खरं कळल्यानंतरचं हे माझं पहिलं खोटं.

गाडी पहिल्या गिअरमध्ये हळूहळू वर काढली. मागं पोरं गाणी म्हणत होती. मी रस्ता बघत होतो, पण मला दिसत होतं ते नरसाळं. पिवळं. टाकीतून डिझेल चोरायचं तर काय लागतं? नळी. तोंडानं ओढायची आणि कॅनमध्ये सोडायची. नरसाळं कशाला लागतं? नरसाळं ओतायला लागतं.

दाजी काढत नव्हते. ओतत होते.

दर सोमवारी मी काट्याकडं कसा बघतो, ते त्यांना दिसत होतं. गाडी ठीक नाही, हे त्यांनी मला सांगून बघितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. मग त्या माणसानं काय केलं — घरच्या टिलरसाठी आणून ठेवलेलं डिझेल दिग्गीहून आणून माझ्या गाडीत ओतलं. काटा माझ्या मनासारखा यावा म्हणून. तरी ते पुरं पडत नव्हतं. बायकोच्या माहेराशी भांडण नको म्हणून असेल. की मला भिऊन? मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. म्हणून टिलर उभा होता. म्हणून ते गेल्यावर काटा आणखी खाली गेला. आणि दोन्ही बाजूंना बघितलं ते यासाठी, की दुसऱ्या ड्रायव्हरांनी बघितलं तर हसतील.

एवढं सगळं मला त्या चढावरच कळलं. वर पोचायच्या आत. तुम्ही म्हणाल, मग त्याच दिवशी दिग्गीला गेला असशील.

दुसऱ्या दिवशी बायकोला माहेरी सोडलं. अंगणात गाडी लावून तो चकचकीत पाईप काढला, कंपनीचा जुना डबा परत बसवला. रबरी तुकडा कापून कापून न्हाणीच्या चुलीत घातला. त्याचा वास दोन दिवस घरातून गेला नाही. आईनं विचारलं, काय जाळलंस? टायरचा तुकडा, म्हणालो. त्या तीन ड्रायव्हरांना सांगितलं, आपल्या धुळीच्या रस्त्यांना तो फिल्टर चालत नाही, मागवू नका.

पुढच्या सोमवारी काटा निम्म्यावर. मोजून निम्म्यावर, पूर्वी यायचा तसा.

आता जे सांगतोय, ते सगळ्यात खाली दाबून ठेवलेलं आहे. चूक झाली होती, हे तर झालंच. पाईप लावला ती चूक, स्टँडवर बोललो ती चूक. पण त्या सोमवारी संध्याकाळी आई तांदूळ निवडत बसली होती. तिनं विचारलं, "आता गाडी बरी चालतीया काय?" आणि मी म्हणालो, व्हय, आता काटा पहिल्यासारखा निम्म्यावर येतोय.

आईचे हात थांबले. मग तिनं मान हलवली. तिला काय समजलं, ते मला दिसत होतं. दाजी गेले आणि डिझेल पुरायला लागलं — म्हणजे खरंच होतं. मी तिला तसं समजू दिलं. एवढ्यावरही थांबलो नाही. स्टँडवर मी स्वतःहून सांगितलं. बघा, माणूस गेला आणि काटा जागेवर आला. आणखी पुरावा काय पाहिजे? लोकांनी माना डोलवल्या. दिग्गीकडचा एक बसवाला तिथं होता, त्यानं ते तिकडं पोचवलं असणारच. ज्या पायपानं काटा खाली जात होता तो मी जाळून टाकला, आणि त्याच काट्याची दाजींविरुद्ध साक्ष काढली.

दाजींना नंतर कुणी गाडी दिली नाही. जोयड्यात विचारलं, गणेशगुडीत विचारलं, कॅसलरॉकला एकाकडं चार दिवस चालवली, मग त्यालाही कुणीतरी सांगितलं. आक्का भाऊबीजेला आली नाही. त्या वर्षी नाही, नंतरही नाही. आई शेजारणींना सांगताना मी ऐकलंय, पोरगी नको त्या घरात दिली म्हणून. मी आतल्या खोलीत होतो.

दोन वर्षांनी दाजी गणेशगुडीच्या एका लॉजवर फाटकाला लागले. फाटकाचा लांब दांडा वर करायचा, गाडीचा नंबर वहीत लिहायचा, दांडा खाली करायचा. त्याच लॉजवर माझे पाहुणे उतरतात. पहिल्यांदा मी तिथं गेलो तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. बॉनेटकडं बघितलं. क्षणभर कान देऊन उभे राहिले. तो घोगरा आवाज गेलेला होता. ज्या माणसाला गाडीचं सगळं कानानं कळतं, त्याला ते कळलं नसेल?

तेव्हापासून मी त्यांच्याकडं बघत असतो. त्यांना माहीत आहे का? असेल तर बोलत का नाहीत? आक्काला सांगितलं असेल का? स्टँडवर कुणी माझ्याकडं बघून हसलं की वाटतं, दाजी बोलले. मामाकडच्या लग्नात आक्का लांबून दिसली, माझ्याकडं बघून शेजारणीच्या कानात काही बोलली — काय बोलली? आरशात मागं बघतो, फाटकावर दाजी वहीत लिहीत असतात. माझ्या नंबराशिवाय आणखी काही लिहितात का, असंही माझ्या मनात येऊन गेलंय. असा मी.

गेल्या महिन्यात लॉजच्या मॅनेजरनं मला थांबवलं. लॉजनं नवी गाडी घेतली होती, ड्रायव्हर हवा होता. तो कारवारचा माणूस, वर्षभरच झालेलं येऊन, जुनं काही माहीत नसलेला. म्हणाला, फाटकावरचे म्हातारबा गाडी छान चालवतात. परवा एक ट्रक अडकला होता, तो त्यांनी एका झटक्यात मागं घेतला. पण कुणीतरी म्हणालं, ते पूर्वी तुमच्याकडं होते, काहीतरी झालं होतं. मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "तुम्ही सरळ माणूस म्हणून विचारतो. त्यांच्या हातात किल्ली देऊ का?"

दाजी फाटकापाशी उभे होते. दहा पावलांवर. त्यांना ऐकू गेलं असेल, नसेलही.

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं — द्या. बाकी काही सांगावं लागणार नव्हतं. पाईप नाही, नरसाळं नाही, आई नाही. एक शब्द. मग मनात आलं, हा विचारेल, मग तेव्हा काय झालं होतं? आणि एकदा कुणी विचारायला लागलं, की ते कुठवर जाईल?

मी म्हणालो, "तुम्ही बघा."

आणि जरा थांबलो, जेवढ्यानं त्याचा अर्थ पक्का होतो तेवढाच. मॅनेजरनं मान हलवली, म्हणाला, समजलं.

परवा गेलो तेव्हा नव्या गाडीवर हल्याळकडचा एक ड्रायव्हर होता, काचा पुसत. दाजी फाटकावर होते. त्यांनी दांडा वर केला, माझा नंबर वहीत लिहिला, आणि मी पाहुण्यांना घेऊन आत गेलो.